लोकमान्य नगरातल्या नळावर सहा दिवस

सोमवार, २५ नोव्हेंबर २०२४

सेंधव्याहून निघताना पिंपात कपडे टाकले. वीस लिटरचं, रुंद तोंडाचं, घट्ट झाकणाचं प्लास्टिकचं पिंप. त्यात दोघांचे दोन दिवसांचे कपडे, आठ लिटर पाणी, चमचाभर साबणपूड. पिंप मागच्या दारापाशी पट्ट्याने आवळून बांधायचं आणि गाडी चालवायची. खलघाटला नर्मदा ओलांडली, मानपूरचा घाट चढलो, राऊला चहाला थांबलो आणि झाकण उघडलं, तर पाणी काळंभोर झालेलं. घाटातल्या वळणांनी कपडे इतके घुसळले होते की कॉलरला ब्रशही लावावा लागला नाही. चौदा महिन्यांत शिकलेल्या गोष्टींपैकी ही मला सगळ्यात आवडती.

चौदा महिने झाले, फोर्स ट्रॅव्हलर ही आमची राहती जागा आहे. नाशिकचा फ्लॅट भाड्याने दिला, सामान भावाकडे ठेवलं. गाडीत पलंग, ओटा, छोटा फ्रीज, कॅसेट टॉयलेट (मैल्याची टाकी ओढून काढून रिकामी करायचं), छपरावर चारशे वॅटची सोलर पॅनेल. पिण्या-वापरण्याच्या पाण्याची टाकी १२० लिटरची, तिच्याखाली सांडपाण्याची टाकी. १२० लिटर आम्हा दोघांना तीन दिवस पुरतात. त्यामुळे आमचा प्रवास किलोमीटरवर नाही, पाण्यावर मोजला जातो. पुढचं गाव कुठलं, यापेक्षा पुढचा नळ कुठे, हा प्रश्न आधी येतो.

इंदूरला आम्ही काही बघायला आलो नव्हतो. कामं साठली होती. पाण्याचा पंप कुरकुर करत होता, गॅस संपत आला होता, नोव्हेंबर संपायच्या आत यांचा पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला द्यायचा होता, भावाने पाठवलेलं टपाल जीपीओत येऊन पडलं होतं, चादरी-पांघरुणं धुवायला झाली होती. आणि इंदूरला मावशी आहे.

मावशीची लोकमान्य नगरातली गल्ली अरुंद, वर विजेच्या तारा. पॅनेलसकट आमची गाडी २.९ मीटर उंच. मावसभाऊ कोरडा बांबू घेऊन पुढे चालत होता, तार आली की बांबूने अंतर दाखवत होता, आणि हे एक-एक फूट गाडी पुढे घेत होते. तीनशे फूट जायला अर्धा तास लागला. शेवटी मावशीच्या फाटकासमोर, कडुनिंबाखाली जागा मिळाली.

मावशी एकोणऐंशी वर्षांची. तिने दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाली, "सामान आत घ्या." मी म्हटलं, "मावशी, आम्ही गाडीतच झोपू. सवय झालीय." तिचा चेहरा उतरला. "माझं चार खोल्यांचं घर असताना तू रस्त्यावर झोपणार?" हे समजावायला गेले, पण तिने जावयाला उलट उत्तर दिलं नाही आणि ऐकलंही नाही. जेवण झाल्यावर गाडीत येऊन पडलो. ती गोष्ट मला रात्रभर टोचत राहिली.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

रात्री दोनला जाग आली ती पंपाच्या आवाजाने. सगळे नळ बंद, तरी दर वीसेक मिनिटांनी टुर्र करून पंप चालू व्हायचा आणि थांबायचा. नळ बंद असताना पंप आपणहून चालला, तर समजावं की कुठेतरी पाणी झिरपतंय. पाइपातला दाब कमी होतो, दाबाचा स्विच तो ओळखतो आणि पंपाला जागं करतो. टॉर्च घेऊन ओट्याखाली शिरलो. सिंकच्या सांध्यावर एक थेंब. तो सांधा यांनी आवळला, टुर्र थांबलं. पण सकाळी तोंड धुवायला नळ सोडला तर पंप चालूच होईना. स्विचच अडकला होता. जिथून गाडी बनवून घेतली होती तिथे फोन केला. त्यांनी तीन आठवडे सांगितले, तेही आगाऊ पैसे भरल्यावर. तीन आठवडे बिननळाच्या ओट्यावर काढायचे, या विचाराने मला खरोखर राग आला. आम्ही त्यांच्याकडून वस्तू नाही, घर घेतलं होतं.

सातच्या सुमारास कचऱ्याची गाडी आली. तिचं गाणं गल्लीच्या तोंडाशी वाजायला लागलं की घराघरांतून लोक डबे घेऊन बाहेर येतात. इथे ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि इलेक्ट्रॉनिक असा सहा प्रकारांत कचरा वेगळा द्यावा लागतो. मी आमचे दोन डबे पुढे केले. गाडीवरच्या ताईंनी सुक्याच्या डब्यात हात घालून दोन घड्याळांचे सेल बाहेर काढले. "दीदी, ये अलग." रागावल्या नाहीत. वेगळ्या कप्प्यात टाकले आणि पुढच्या दाराकडे गेल्या. इतक्या गावांत आम्ही कचरा घेऊन फिरलो आहोत! कितीतरी ठिकाणी व्यवस्थित वेगळा केलेला कचरा डोळ्यांदेखत एकाच ढिगात ओतलेला पाहिला आहे, आणि तेव्हा पोटात खड्डा पडतो. घरात असताना पिशवी दाराबाहेर ठेवली की कचरा संपायचा. गाडीत तो आपल्यासोबत झोपतो, दुसऱ्या दिवशी वास मारतो. म्हणून त्या ताईंचा डब्यात गेलेला हात मी विसरणार नाही.

मावसभावाने सांगितलं, ओला कचरा देवगुराडियाला जातो. तिथे दिवसाला ५५० टन ओला कचरा घेणारा बायो-सीएनजीचा प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. त्या गॅसवर शहरातल्या बस धावतात. तिथे पूर्वी कचऱ्याचा डोंगर होता, तो उपसून, चाळून जमीन मोकळी केली आणि झाडं लावली. २०१७ ते २०२३ असं सलग सात वेळा इंदूर स्वच्छतेत पहिलं आलं, शेवटच्या वेळी सुरतबरोबर. आमच्या डब्यात कालच्या संत्र्यांची सालं होती. परवा एखाद्या बसमध्ये ती असतील, असं म्हणत मी डबा विसळला.

आज नळाचा दिवस होता. या भागात एक दिवसाआड पाणी येतं आणि ते आलं की बायका "पाणी आलं" म्हणत नाहीत, "नर्मदा आली" म्हणतात. हे पाणी सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून विंध्याचा चढ चढून येतं. कालच मी ती नदी पुलावरून ओलांडली होती, आणि आज तीच मावशीच्या अंगणातल्या नळाला.

टाकी रिकामीच होती, म्हणून आतून धुऊन घेतली. १२० लिटर पाण्यात चार टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट दीडशे मिलिलिटर घातलं, म्हणजे लिटरला साधारण पन्नास मिलिग्रॅम क्लोरिन होतो. पंप बंद, म्हणून पाइपांतून ते खेचता येईना. पायाने मारायचा हवेचा पंप लावून यांनी ढकललं. तसंच चार तास ठेवलं, मग सगळं काढून टाकी दोनदा विसळली. सहा महिन्यांतून एकदा हे करतोच. टाकीत आत हात घालून बोट फिरवलं आणि बुळबुळीत लागलं, तर त्याआधीही.

कार्तिक वद्य एकादशी होती, आळंदीची. मावशीचा उपास. साबुदाण्याची खिचडी गाडीत आणून दिली, पण स्वतः पायरीवर पाय ठेवला नाही.

बुधवार, २७ नोव्हेंबर

सियागंज. हार्डवेअर, दोरखंड, पत्रे, मसाले, जे ठोकात लागतं ते सगळं इथे. पहिल्या चार दुकानांत नाही म्हणाले. पाचव्या दुकानदाराने आमचा जुना पंप हातात घेऊन उलटसुलट पाहिला, मागचा स्विच अंगठ्याने दाबला आणि म्हणाला, "भिया, ये तो दवाई छिड़कने वाले पंप का भाई है." आणि खरंच! शेतकरी पाठीवर जो बॅटरीचा फवारणी पंप घेतात, त्याच्या आतही बारा व्होल्टचा डायफ्रॅम पंप असतो, त्यालाही दाबाचा स्विच असतो. नळ सोडला की दाब पडतो, पंप चालतो. बंद केला की थांबतो. आमच्या गाडीत याहून वेगळं काहीच नव्हतं, फक्त खोक्यावर नाव मोठं होतं. किंमत जुन्याच्या एक पंचमांशापेक्षाही कमी. जोडीला दोन होज क्लिपा, टेफ्लॉन टेप आणि हातभर पाइप घेतला.

ज्यांना गाडीत राहायचंय त्यांना माझं कळकळीचं सांगणं: गाडीतली प्रत्येक वस्तू कशासाठी, किती व्होल्टवर, किती जाडीच्या पाइपावर चालते, हे वहीत लिहून ठेवा. कंपनीचं नाव लिहिण्याची तितकी गरज नाही. गावोगावी शेतीच्या, मोटारीच्या आणि बोरवेलच्या दुकानांत तुमचा स्पेअर पार्ट दुसऱ्या नावाने पडलेला असतो.

जुना पंप मिनिटाला दहा लिटर टाकायचा, नवा चारेक लिटर. धार बारीक झाली. हे जरा खट्टू झाले, मला मात्र बरंच वाटलं. या धारेने १२० लिटर चौथ्या दिवसाच्या सकाळपर्यंत पोचतील.

दुपारी जीपीओ. पक्का पत्ता नसलेल्यांसाठी टपाल खात्याची जुनी सोय आहे, पोस्ट रेस्टांत. पाकिटावर आपलं नाव, "पोस्ट रेस्टांत", आणि ज्या पोस्टात घ्यायचं त्याचं नाव-पिनकोड लिहायचं. पोस्टात ते दोन आठवडे ठेवतात, ओळखपत्र दाखवून न्यायचं. भावाने रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलेलं पाकीट मिळालं: विम्याचे कागद, गाडीचं एक पत्र आणि वहिनीने मध्येच सरकवलेली बोराएवढ्या तिखट मिरच्यांच्या बियांची पुडी. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "आप लोग रहते कहाँ हो?" यांनी खिडकीतून बाहेर उभी गाडी दाखवली. बाईंनी उठून ती नीट पाहून घेतली.

परतताना बर्तन बाजारातून दोन लिटरचा झाकणाचा स्टीलचा डबा घेतला. राजवाड्यासमोरून गेलो, आत गेलो नाही.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

कडुनिंबाने घात केला. गाडी सावलीत, त्यात हिवाळा. या दिवसांत इंदूरला भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४६ अंश वर चढतो. छपरावर आडवी टाकलेली पॅनेल तिरपं ऊन घेतात, आणि एका पॅनेलवर फांदीची सावली पडली की एकामागे एक जोडलेलं दुसरंही मंदावतं. बॅटरी ४० टक्क्यांवर आली. मावसभावाने घरातून वायर ओढून दिली.

सांडपाण्याची टाकी घराच्या मोरीत बादलीने रिकामी केली. कॅसेट टॉयलेटचं मात्र मी मावशीच्या घरात नेणार नव्हते. चौकापलीकडच्या सार्वजनिक शौचालयात गेलो. राखणाऱ्या दादांना आधी सांगितलं, काय आहे ते दाखवलं, त्यांना पैसे दिले. त्यांनी भारतीय बैठकीचं एक शौचालय उघडून दिलं आणि पाण्याचा पाइप हातात दिला. ओतायचं हळू, कॅसेटचं तोंड भांड्याच्या जवळ धरून, हवेची कळ दाबून, म्हणजे उडत नाही. मग तीनदा विसळायचं, फरशी आपण धुवायची. कॅसेटमध्ये आम्ही एन्झाइमवालं औषध घालतो, फॉर्मालिनचं नाही. फॉर्मालिन पुढे मैलाशुद्धीकरणातले कामाचे जंतूही मारतं. हे काम कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही, पण गाडीतल्या राहण्यातलं सगळ्यात जबाबदारीचं काम हेच आहे. रात्री निर्जन जागी, ओढ्याकाठी ओतून देणारे आम्ही पाहिले आहेत. मला त्याची चीड येते. त्या ओढ्याचं पाणी कुणाच्या तरी घागरीत जातं.

चादरी भंवरकुआंच्या बाजूला किलोवर कपडे धुणाऱ्या लॉन्ड्रीत दिल्या. कोचिंगची पोरं तिथे राहतात, त्यामुळे अशी दुकानं बरीच.

संध्याकाळी मी ओट्याशी भांडी घासत होते. ताटं आधी वर्तमानपत्राच्या कागदाने पुसायची, मग फवाऱ्याच्या बाटलीतून साबणपाणी मारायचं, घासायचं आणि शेवटी पेलाभर पाण्याने वरच्या ताटावरून खालच्यावर असं ओघळवत विसळायचं. पाठीमागून आवाज आला, "इतकंसं पाणी घेऊन काय करून राहिली आहेस?" मावशी पायरीवर उभी होती. तिला हात देऊन आत घेतलं, पलंगावर बसवलं. ती बराच वेळ माझे हात बघत होती. मग उठली, माझ्या हातातला पेला घेतला आणि उरलेल्या दोन वाट्या तिने विसळल्या. माझ्यापेक्षा निम्म्या पाण्यात. वाटी तिरपी धरून कडेने धार सोडली, एक गिरकी, की तेच पाणी दुसऱ्या वाटीत.

"तू कुठे शिकलीस?"

"इथेच." आणि मग ती बोलायला लागली. लग्न होऊन ती इंदूरला आली, तेव्हा शहराला पाणी पुरत नव्हतं. नर्मदा आणा म्हणून १९७० साली आंदोलन झालं, तेव्हा ती पंचविशीत होती, कडेवर मूल. सासरे मोर्चाला जायचे. पहाटे तीनला उठून तिने नळावर रांग लावलेली, तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, भाजी धुतलेलं पायपुसण्याला, अंघोळीचं संडासाला. जलूदचं पाणी शहरात पोचायला त्यानंतरही आठेक वर्षं गेली. "पहिल्यांदा नळाला नर्मदा आली, तेव्हा तुझ्या काकांनी नळाला हळदकुंकू लावायला लावलं मला."

ही गोष्ट मी पन्नास वर्षांत तिच्याकडून ऐकली नव्हती. घरात बसून ती आपल्याला कधी आठवलीच नसती, असं मावशीच म्हणाली. जाताना तिने टाकीवरचा मापाचा काटा बघितला, किती उरलं ते विचारलं.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

हयातीचा दाखला. पूर्वी यांच्या खात्यातली माणसं नोव्हेंबरात बँकेच्या दारात रांगा लावायची. २०१४ पासून तो डिजिटल झाला, आणि २०२१ पासून मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवून देता येतो. यांनी गाडीच्या दारात, चष्मा काढून, डोळ्यांची उघडझाप केली. दोनदा नाकारलं, कारण मागून ऊन येत होतं. तिसऱ्यांदा उजेडाकडे तोंड केलं, तेव्हा झालं. फोनवर प्रमाणपत्राचा क्रमांक आला आणि हे खुर्चीत टेकून बसले. दर वर्षी असेच बसतात.

गॅस. पाच किलोचा छोटा सिलिंडर आम्हाला वीस-बावीस दिवस जातो. हा खुला विकला जाणारा सिलिंडर घ्यायला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरतं. आमच्यासारख्यांना यासारखी सोय नाही. पहिल्या ठिकाणी संपला होता, दुसऱ्या ठिकाणी, पेट्रोल पंपावर मिळाला. जोडल्यावर यांनी साबणाचा फेस रेग्युलेटरला, नळीला, प्रत्येक सांध्याला लावून पाहिला. बुडबुडा नाही. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साठतो. म्हणून आमच्या सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारी भोकं आहेत आणि गळतीचा अलार्म जमिनीपासून वीतभर उंचीवर. काही हौशी गाड्यांत तो छताला लावलेला पाहिला आहे. कृपा करून खाली लावा.

लॉन्ड्रीतून चादरी आल्या, उन्हाचा वास असलेल्या. रात्री सगळे मिळून सराफ्यात गेलो. सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात. गराडूचा मोसम सुरू झाला होता: हा कंद तळून, वर जिरावन मसाला आणि लिंबू. मग भुट्ट्याचा कीस. मावशीने दोन घास खाल्ले आणि म्हणाली, आज तुझी भांडी नाहीत. ते मला सगळ्यात गोड लागलं.

शनिवार, ३० नोव्हेंबर

पहाटे साडेपाचला दारावर टकटक. "नर्मदा आली. ऊठ."

अंगात स्वेटर, डोक्याला स्कार्फ, हातात पाइप. मावशीने कुणालाच हात लावू दिला नाही. पाइपाचं तोंड टाकीच्या गाळणीत तिने स्वतः धरलं आणि मला आत काट्याजवळ उभं केलं. "पाव." "अर्धी." "पाऊण." मी आतून ओरडत होते, ती बाहेरून नळ कमी-जास्त करायला मावसभावाला सांगत होती. भरत आल्यावर मी थांब म्हणायच्या आत तिने पाइप काढला. एक थेंब सांडला नाही.

चहा झाला. मावसभाऊ बांबू घेऊन पुढे निघाला. आम्ही उज्जैनला जाणार, तिथून आठवड्याने याच रस्त्याने परत नाशिककडे. मी पिंप भरत होते: यांचे दोन शर्ट, माझी साडी, साबणपूड. मावशी घरात गेली आणि स्वयंपाकघरातली तेलकट, मसोत्यासारखी झालेली चार फडकी घेऊन आली.

"ही पण टाक. तुझ्या पिंपात कशी निघतात बघू."

"अगं, उज्जैनचा रस्ता सपाट आहे, घाट नाही. इतकी नाही घुसळणार."

"मग गरम पाणी घाल," ती म्हणाली, आणि किटलीतलं उरलेलं कढत पाणी आणायला आत वळली.